वहिनीचा खुळखुळा

माझ्या वहिनीने मशीन घ्यायचं ठरवलं त्या दिवशी आमच्या घरात कुणीतरी गेल्यासारखी शांतता पसरली. जेवताना दादाचा घास हातातच राहिला. भाऊ ताटाकडे बघत बसला. मी मात्र शांतपणे जेवत होते, कारण हे आज ना उद्या होणार हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाटच बघत होते.

मशीन म्हणजे काही विमान नव्हे. गाडीच्या रंगावर फिरवून चमक आणायचं पॉलिशर. आमचा धंदाच तो. खाली गॅरेज, वर घर. ठोकाठोकी, इंजिन असलं काही आम्ही करत नाही. गाडी धुवायची, आतून साफ करायची, पॉलिश मारून नव्यासारखी परत द्यायची. गॅरेज थोरला भाऊ चालवतो, त्याला गिऱ्हाइकांपासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळे दादाच म्हणतात. मधला भाऊ, त्याला आम्ही नुसतं भाऊ म्हणतो, तो पॉलिश मारायचा. त्याची बायको म्हणजे ही वहिनी, ती पाण्यावर. आणि मी सगळ्यांत धाकटी, मागच्या कोपऱ्यात बसून सीट कव्हरं शिवते आणि सगळ्यांवर लक्ष ठेवते. दुसऱ्या कामाचे पैसे मला मिळत नाहीत.

पाण्यावर असणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. दिवसभर पाइप हातात, पायात रबरी बूट, बोटांची टोकं कायम सुरकुतलेली. गाडी आली की आधी वहिनीकडे, जाताना पुन्हा वहिनीकडे. तरी गिऱ्हाईक तिला ‘त्या पाण्यावरच्या बाई’ म्हणायचं आणि चहा विचारायचं दादाला. लग्न होऊन आली तेव्हा दादाने पाइप हातात दिला तो दिलाच. वहिनी बुटकी आहे, गाडीच्या टपावर फडका मारायला तिला पाटावर चढावं लागतं. त्यावरून दादाने केलेले विनोद मी इथे सांगत नाही, कारण त्यातला एकही हसण्यासारखा नव्हता.

तर भाऊचा खांदा गेला. आमच्याकडचं जुनं पॉलिशर रोटरी जातीचं, एकाच जागी गरगर फिरणारं. धूड ते. फिरायला लागलं की माणसाला ओढत नेतं, आणि त्याला धरून ठेवता ठेवता भाऊच्या उजव्या खांद्याची शीर कायमची दुखावली. डॉक्टरांनी सांगितलं, आता हात छातीच्या वर नेऊन काम करायचं नाही. काही दिवस दादाने स्वतः मशीन घेतलं. कित्येक वर्षं गल्ल्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकलेला माणूस तो, पहिल्याच आठवड्यात एका पांढऱ्या गाडीच्या बॉनेटच्या कडेला रंग जाळून ठेवला. कडेला रंग पातळ असतो, तिथे मशीन थांबवायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गिऱ्हाइकाला सांगितलं की ते आधीपासूनच होतं. मग दादाने जाहीर केलं की बाहेरून कारागीर आणू.

त्यावर वहिनी भात वाढता वाढता म्हणाली, ‘‘बाहेरचा कशाला? पॉलिश मी करते.’’

दादा हसला. रोटरी धरायला मनगटात दम लागतो, म्हणाला, ते काही बादली उचलणं नव्हे. वहिनीने रोटरी घेणारच नाही म्हणून सांगितलं. तिला ड्युअल अॅक्शन हवं होतं. या मशीनचं पॅड, म्हणजे रंगाला टेकणारी स्पंजाची गादी, स्वतःभोवती फिरतं आणि फिरता फिरता जागा सोडून चहूकडे डोलतंही. एका जागी उष्णता साठत नाही, म्हणून रंग जळायची भीती कमी, आणि मशीन माणसाला ओढत नाही. दादाने असली मशीनं बघितली होती. हौशी लोक रविवारी घरच्या गाडीवर फिरवतात तो खुळखुळा आहे, असं म्हणून त्याने विषय संपवला. त्या दिवसापासून त्या मशीनचं नाव आमच्याकडे खुळखुळा पडलं, ते घरात येण्याच्याही आधी.

दादाचं मला काही वाटलं नाही, त्याचं तोंडच तसं. भाऊचं लागलं. तो हळूच म्हणाला, ‘‘त्या मशीनने काम होत असतं, तर मी खांदा कशासाठी मोडून घेतला?’’ बिचाऱ्याचं दुखणं तिथे होतं. खुळखुळा चालला तर त्याचा खांदा फुकट गेला. मला वाईट वाटलं, खूपच वाईट वाटलं. पण आपल्याला वाईट वाटतं म्हणून दुसऱ्याने जन्मभर पाण्यात उभं राहायचं, हा कुठला न्याय?

आता वहिनीला पॉलिशमधलं काय कळतं, असं दादा सारखं विचारायचा, त्याचं उत्तर त्याच्याच गॅरेजात होतं. आमच्याकडे एक रीत होती. रोटरी फिरलं की रंगावर बारीक गोल गोल ओरखडे उठतात, उन्हात बघितलं तर कोळ्याने जाळं विणल्यासारखे. ते काढत बसायला वेळ कुणाला? म्हणून गाडी द्यायच्या आधी तिच्यावर तेलकट पॉलिशचा हात मारायचा. ओरखडे तेलाने भरून येतात, गाडी आरशासारखी दिसते, आणि आपण ती पत्र्याच्या सावलीतच गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची. दोन-तीनदा धुतली की जाळी पुन्हा वर. पण तोवर गिऱ्हाइकाला वाटतं, गाडी जुनी झाली. ती जुनी झालेली गाडी धुवायला कुणाकडे यायची? वहिनीकडे. आमच्या प्रत्येक पॉलिशचं खरं तोंड तिने पाण्याखाली बघितलेलं होतं. एकदा तिने दादाला हे सांगूनही पाहिलं. दादा म्हणाला, मग पुन्हा पॉलिशला येते ना गाडी, तुझं काय जातं? वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तो हा.

मशीन घ्यायला आम्ही सगळेच गेलो. वहिनीने मला बरोबर घेतलं, भाऊ मागच्या सीटवर येऊन बसला, आणि दादा आला, कारण बायकांना दुकानदार फसवतात असं त्याचं म्हणणं होतं. अवजारांचं ते दुकान लांबलचक आणि अरुंद, भिंतीवर मशीनं टांगलेली, मधल्या टेबलावर मशीन चालवून बघायला एक जुनं, डाग पडलेलं बॉनेट आडवं ठेवलेलं. प्रश्न वहिनी विचारायची आणि दुकानदार उत्तर दादाला द्यायचा. बाईंसाठी एखादं हलकं काढू का, असं त्याने दादालाच विचारलं, तेव्हा वहिनी म्हणाली, हलकं नको, बरोबर असेल ते काढा.

त्याने तीन मशीनं काढली. पहिल्याचा डोल सगळ्यांत मोठा, म्हणजे पॅड डोलताना लांबवर जाऊन येणारं, सपाट जागेवर झपाट्याने काम उरकणारं. हल्ली सगळे हेच नेतात, म्हणाला. दुसऱ्याचा डोल लहान, पॅडही लहान. तिसरं जरा वेगळं, त्यात आत दात्यांची चाकं होती, त्यामुळे कितीही दाबा, पॅड फिरायचं थांबत नाही.

पहिला मान अर्थातच दादाने घेतला. मोठ्या डोलाचं मशीन उचललं, बॉनेटवर टेकवलं आणि रोटरीवर टाकतात तसा अंगाचा सगळा भार टाकला, वर एका कडेवर तिरकंही केलं. मशीन जोरात गुरगुरलं. दादाने पॅडखालचा डाग बघितला, डाग जागच्या जागी. ‘‘बघा, काही कापत नाही,’’ म्हणाला, ‘‘खुळखुळा तो खुळखुळाच.’’

वहिनीने माझ्या पर्समधला शिवणाचा खडू मागितला. पॅड ज्या चकतीला चिकटतं तिच्या कडेवर एक पांढरी रेघ ओढली आणि दादाला पुन्हा चालवायला सांगितलं. दादाने पुन्हा भार टाकला. मशीन गुरगुरत होतं, थरथरत होतं, आणि रेघ एका जागी ढिम्म उभी. पॅड फिरतच नव्हतं. नुसतं थरथरत होतं, आणि थरथरणारं पॅड डोळ्याला फिरल्यासारखंच दिसतं. रोटरीवाले सगळे हीच चूक करतात, दाबलं की जास्त निघतं असा त्यांचा पिढीजात समज. वहिनी एवढंच म्हणाली की दादा, पॅड थांबलंय. दादा म्हणाला, मशीनमध्ये दम नाही म्हणून थांबलंय. नाचता येईना अंगण वाकडं.

मग तिने घेतलं. दोन्ही हातांनी नुसतं धरलं, मशीनचा जो काय भार असेल तेवढाच ठेवला, आणि पॅड सगळीकडून सारखं टेकवलं. रेघ दिसेनाशी झाली, तिच्या जागी पांढरं कडं फिरायला लागलं. डागही गेला. दुकानदार आता तिच्याकडे बघून बोलायला लागला.

एवढ्यावर कुणीही मशीन बांधून घेतलं असतं. वहिनीने विचारलं, ‘‘गाडीचा दरवाजा आहे का तुमच्याकडे?’’

दुकानदाराला कळेना. वहिनीने सांगितलं की गाडीला बॉनेट एकच असतं आणि दरवाजे चार, आणि दरवाजा टेबलावर आडवा होऊन काम करून घेत नाही. शेवटी मागच्या अंगणातून एक मोडका दरवाजा आणून भिंतीला टेकवला. वहिनी गुडघ्यांवर बसली आणि खालच्या बाजूला, जिथे पत्रा आत वळतो, तिथे एकेक मशीन फिरवून बघितलं. मोठ्या डोलाचं पॅड वळणावर पुन्हा पुन्हा अडकायला लागलं, रेघ फिरे आणि थांबे. लहान डोलाचं मात्र वळणातही फिरत राहिलं. ते घेऊन ती उभी राहिली, टपाच्या मध्यापर्यंत हात पोचवायचा असावा तसे हात लांब केले, चवड्यांवर उभी राहिली, आणि तशीच दुकानदाराशी गप्पा मारत बसली. म्हणजे उभी राहिली. वायर किती लांब, पॅड कुठे मिळतात, बिघडलं तर दुरुस्ती कोण करतं. दुकानदाराने बसायला खुर्ची पुढे केली. तिने सांगितलं की बसून टप पॉलिश करता येत नाही. तोवर दादा बाहेर गाडीत जाऊन हॉर्न वाजवायला लागला होता.

दुकानदाराने दात्यांच्या मशीनचा आग्रह धरला. ते कधीच थांबत नाही, म्हणाला, नवख्या माणसाला तेच बरं. वहिनीने ते चालवून बघितलं. खरंच थांबेना, तिने मुद्दाम दाबलं, तिरकं केलं, तरी फिरतच राहिलं. तिने ते खाली ठेवलं.

‘‘हे मी चुकले तरी सांगणार नाही,’’ ती म्हणाली. ‘‘मला सांगणारं हवंय.’’

आणि लहान डोलाचं घेतलं, ज्याचं पॅड जास्त दाबलं की थांबतं ते. बांधू का म्हणून दुकानदाराने सवयीने दाराबाहेर दादाकडे बघितलं. वहिनीने पैसे काउंटरवर ठेवले आणि म्हणाली, ‘‘पैसे इकडून येतायत.’’ सुटीच्या दिवशी लोकांच्या घरी जाऊन सोफे धुतलेले पैसे होते ते. परत येताना गाडीत मशीन वहिनीच्या मांडीवर होतं.

दादाने फर्मान काढलं की गिऱ्हाइकाच्या गाडीला खुळखुळा लागणार नाही. मशीन तुझं, गाडी माझ्या भरवशावर आलेली. बरं, म्हणाली वहिनी. ती भंगारातला दरवाजा घेऊन आली आणि रोज गाड्या धुऊन झाल्या की त्याच्यावर हात बसवायला लागली. मग आमची स्वतःची जुनी गाडी तिने एकेक पत्रा करून सगळी केली. दादा रोज त्याच गाडीतून जायचा-यायचा, आणि गाडी कशी झाली यावर त्याने मिठाची गुळणी धरली होती. उलट, बाहेरचा कारागीर ठरला, सोमवारी येणार, एवढं मात्र त्याने चार वेळा सांगितलं. सोमवार आला की पॉलिशची जागा गेली, हे वहिनीलाही कळत होतं. एकदा ती माझ्या शिलाई मशीनशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, ‘‘वन्सं, मी पुन्हा पाइप धरला तर मरेपर्यंत तोच धरीन.’’ मला वन्सं ती फक्त चिडवायला म्हणते. त्या दिवशी चिडवत नव्हती.

आणि शनिवारी दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांची काळी गाडी, कारागीर येईपर्यंत म्हणून, दादानेच रोटरीने पॉलिश करून आठवड्यापूर्वीच दिली होती, रीतीप्रमाणे तेल लावून, सावलीत. बाई भर दुपारी आल्या आणि गाडी बाहेर उन्हातच उभी केली. रोजच्या धुण्याने तेल उतरून बॉनेटवर कोळिष्टकं माजली होती. आवाज न चढवता त्यांनी दादाला विचारलं, हे काय आहे? दादा म्हणाला, काळ्या रंगाचा स्वभावच असा. बाई म्हणाल्या, नवी घेतली तेव्हा या रंगाचा स्वभाव बरा होता.

वहिनी ओल्या हातांनी पुढे आली. ‘‘बाई, अर्धं बॉनेट मला करू द्या,’’ ती म्हणाली. ‘‘मग दोन्ही बाजू उन्हात बघा, आणि तुम्हीच सांगा.’’ बाई हो म्हणाल्या. त्यांच्यादेखत दादाला नाही म्हणता येईना आणि हो म्हणवेना, धरलं तर चावतं सोडलं तर पळतं.

गाडी सावलीत घेतली. वहिनीने गाडी पुन्हा धुतली, पुसली, बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावली, पॅडवर थोडंसं पॉलिश घेतलं आणि सुरुवात केली. बाईंना खुर्ची दिली होती, पण त्या उभ्याच राहिल्या. भाऊ लांब खांबाला टेकून बघत होता. मशीनची वायर सारखी बॉनेटच्या कडेला घासायला लागली, वहिनी ती कोपराने सारत होती. तेवढ्यात भाऊ आला. वायर उचलून आपल्या डाव्या, चांगल्या खांद्यावर घेतली आणि ती जाईल तसा तिच्या मागे सरकत राहिला. माझी सुई कितीतरी वेळ कापडात तशीच अडकून राहिली होती.

काम झाल्यावर गाडी उन्हात नेली. दादा सवयीने तेलाची बाटली घेऊन पुढे झाला. ‘‘तेल नको, दादा,’’ वहिनी म्हणाली, आणि स्पिरिटच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने तिने दोन्ही बाजू पुसून काढल्या, आपलीही आणि दादाचीही, म्हणजे झाकलेलं काही राहायला नको. मग पट्टी ओढली. एका बाजूला जाळी. दुसऱ्या बाजूला काळं स्वच्छ पाणी असावं तसा रंग, आणि त्यात आमच्या छपराच्या पत्र्याची एकेक पन्हळ सरळ उतरलेली. बाई वाकून बघत राहिल्या. उरलेली गाडी कधी होईल, एवढंच त्यांनी विचारलं.

‘‘मंगळवारी घेऊन जा,’’ दादा चटकन म्हणाला. ‘‘सोमवारी आमचा नवा कारागीर येतोय, याच मशीनवर करून देईल.’’ आणि वहिनीकडे वळून, अगदी प्रेमाने, ‘‘मशीन छान निवडलंस हं. त्याला एक-दोन दिवस दाखव कसं चालवायचं, मग तू आपली पाण्यावर.’’

आयत्या बिळावर नागोबा हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण बीळ खोदणाऱ्यालाच नागोबाची शिकवणी घ्यायला सांगणारा माणूस पहिल्यांदा बघितला. तो हे प्रेमाने म्हणाला, याचाच मला जास्त राग आला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

वहिनी फडक्याने हात पुसत होती. ‘‘मशीन मी निवडलं, मीच चालवणार,’’ ती म्हणाली. ‘‘नवा माणूस बोलावलाच आहे, तर त्याला पाण्यावर ठेवा. पाण्यावर राहिलं की पॉलिश लवकर कळतं.’’

‘‘आणि मी नाही म्हटलं तर?’’

‘‘तर बाईंची गाडी अशीच अर्धी राहील. आणि मी मशीन घेऊन दुसरीकडे जाईन.’’

दादाचा चेहरा उतरला. बाई खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर ठेवली, आणि ज्या तऱ्हेने बसल्या त्यावरून अर्धी गाडी घेऊन त्या जाणार नव्हत्या हे उघड होतं. दादा भाऊकडे वळला. ‘‘तू तुझ्या बायकोला काही सांगणार आहेस की नाही?’’

‘‘सांगतो ना,’’ भाऊ म्हणाला. त्याने गाडी ढकलून पुन्हा सावलीत घ्यायला मला हाक मारली, वायर खांद्यावर नीट केली आणि वहिनीला विचारलं, ‘‘आधी दरवाजे घेतेस की उरलेलं बॉनेट?’’

‘‘बॉनेट,’’ वहिनी म्हणाली. दादाने केलेल्या बाजूला तिने पॅड टेकवलं, पण मशीन सुरू केलं नाही. दादा दारात उभा होता, हातात तेलाची बाटली तशीच, आणि त्याची सावली बरोबर बॉनेटवर पडली होती.

‘‘दादा,’’ ती म्हणाली, ‘‘जरा बाजूला व्हा. मला उजेड हवाय.’’

दादा बाजूला झाला.